चांद्रतळ स्वयंपूर्ण करायचा तर नायट्रोजनचा हिशेब आधी मांडा

तुमचा आराखडा दोनदा वाचला. चार अंतराळवीर, चंद्राच्या विषुववृत्ताजवळच्या मैदानावर काचेचा घुमट, त्याखाली गहू-बटाट्याची शेती, वीज सगळी सौर. आणि प्रश्न असा की पृथ्वीवरून काहीही न मागवता हा तळ किती वर्षं चालेल. मेहनत जाणवते, म्हणून सविस्तर लिहितो.

घुमट काढून टाका. चीनच्या चांगई-4 यानाने चंद्रावर मोजलेला किरणोत्सार दिवसाला सुमारे 1.4 मिलिसिव्हर्ट भरला, म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागावरच्या साधारण 200 पट. काच तो अडवणार नाही. राहायची जागा दोन-तीन मीटर मातीखालीच हवी. तापमानाच्या बाबतीतही ती माती पांघरुणाचं काम करते. चांद्रयान-3 च्या उपकरणाने 2023 मध्ये पृष्ठभागावर 50 अंशांहून जास्त आणि 8 सेंटीमीटर खाली उणे 10 च्या आसपास तापमान नोंदवलं. चार बोटं खोलीत साठ अंशांचा फरक!

आता विषुववृत्त. तिथली रात्र सुमारे 354 तासांची. तळाला सरासरी 10 किलोवॅट लागतात असं धरलं तर एका रात्रीला 3,540 युनिट साठवावे लागतील. किलोमागे 200 वॅट-तास साठवणाऱ्या बॅटऱ्या घेतल्या तरी वजन पावणेअठरा टनांच्या घरात जातं. दक्षिण ध्रुवाजवळ, शॅकल्टन विवराच्या काठासारख्या उंचवट्यांवर, सलग अंधार काही दिवसांचाच असतो. चार दिवस धरा, बॅटऱ्या पाच टनांच्या आत येतात. अणुभट्टी नेणार असाल तर हे गणित बदलतं, पण तुमच्या आराखड्यात ती नाही.

ऑक्सिजनची काळजी तुम्ही गरजेपेक्षा जास्त केली आहे. माणसाला दिवसाला साधारण 840 ग्रॅम लागतो, म्हणजे चौघांना वर्षाला सव्वा टन. चंद्राच्या मातीच्या वजनात 40 टक्क्यांहून जास्त ऑक्सिजनच आहे. तो खनिजांत घट्ट बांधलेला असल्याने भट्टी आणि भरपूर वीज लागेल, पण कच्चा माल कधी संपणार नाही. पाण्याचंही तसंच. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाने 2023 मध्ये 98 टक्के पाणी परत मिळवून दाखवलं आहे.

खरी अडचण हवेला आणि पिकांना लागणाऱ्या नायट्रोजनची आणि पिकांना लागणाऱ्या कार्बनची. मी बरीच वर्षं विद्यार्थ्यांचे असे आराखडे तपासतो आहे आणि तक्त्यात नायट्रोजनचा रकाना जवळजवळ कधीच दिसत नाही. तुमच्याही नाही. चंद्राच्या मातीत ही दोन्ही मूलद्रव्यं दर दशलक्ष भागांत शंभराच्या आसपास सापडतात. एक किलो नायट्रोजन हवा असेल तर दहाएक टन माती तापवा! एअरलॉक (तळातून आत-बाहेर करायची दुहेरी दारांची खोली) उघडताना थोडी हवा गेली, एखादं सील झिजलं, तर ऑक्सिजन भरून काढता येईल. नायट्रोजन कुठून आणणार? माझ्या मते ध्रुवावर जायचं मोठं कारण हेच. 2009 मध्ये नासाच्या एल-क्रॉस मोहिमेने दक्षिण ध्रुवाजवळच्या केबियस विवरात रॉकेटचा टप्पा आदळवला, तेव्हा उडालेल्या ढगात पाण्याबरोबर अमोनिया आणि कार्बनची संयुगंही दिसली.

हिशेब चुकला की काय होतं ते अमेरिकेत ॲरिझोनातल्या बायोस्फिअर-2 या हवाबंद प्रयोगवास्तूत दिसलं. 1991 मध्ये आठ माणसं दोन वर्षांसाठी आत गेली आणि हवेतला ऑक्सिजन 20.9 टक्क्यांवरून 14.5 टक्क्यांपर्यंत उतरला. सुपीक माती भरपूर घातली होती, तिच्यातले सूक्ष्मजीव ऑक्सिजन खात होते. मग कार्बन डायऑक्साइड तेवढाच वाढायला हवा होता, पण तसं झालं नाही. तो इमारतीतलं काँक्रीट शोषून घेत होतं! भिंतसुद्धा हवेच्या हिशेबात धरावी लागते हे तेव्हा कळलं. शेवटी बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला.

शेतीबद्दल माझं मत तुम्हाला आवडणार नाही. माणसाचं पूर्ण अन्न पिकवायला 40 चौरस मीटर धरा आणि दिव्यांना चौरस मीटरमागे 300 वॅट. दिवे लागलेले असताना एकट्या माणसामागे 12 किलोवॅट झाले, म्हणजे अख्ख्या तळासाठी धरलेल्या विजेपेक्षा जास्त. त्याउलट चौघांचं वर्षाचं कोरडं अन्न टनाच्या आत बसतं. पहिली काही वर्षं धान्य पृथ्वीवरूनच जाऊ द्या, तळावर पालेभाज्या लावा. धान्याबरोबर कार्बन आणि नायट्रोजनही येतो हे लक्षात घ्या. मैला, सालं, देठ यांतलं काही बाहेर टाकलं नाही तर दरवर्षी तुमच्याकडचा साठा वाढत जाईल आणि त्याच साठ्यावर पुढे शेती मोठी करता येईल. म्हणून मैल्यावर प्रक्रिया करणारं यंत्र आराखड्याच्या कोपऱ्यातून काढून मध्यभागी आणा.

धुळीला तुम्ही एकच ओळ दिली आहे. अपोलो-17 च्या गाडीचा मडगार्ड तुटला आणि चाकांनी उडवलेली धूळ अंगावर यायला लागली, तेव्हा नकाशांचे कागद चिकटपट्टीने जोडून नवा मडगार्ड करावा लागला. या धुळीचे कण धारदार असतात, कारण तिथे त्यांना घासून गुळगुळीत करायला वारा-पाणी नाही. सील झिजतात ती यांनीच, आणि त्या फटीतून जाते ती तुमची हवा. स्पेससूट बाहेरच्या भिंतीला अडकवून ठेवायचे आणि आतून त्यांच्या पाठीतून शिरायचं, अशी रचना करून पाहा. धूळ बाहेरच राहते आणि दर फेरीला वाया जाणारी हवाही बरीच कमी होते.

पुढचा आराखडा टाकाल तेव्हा चित्राआधी तक्ता द्या: कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन, फॉस्फरस, प्रत्येकाचा साठा, वर्षाची गळती आणि भरपाई कुठून होणार ते. आकडे अंदाजे असले तरी चालतील, मी बसून तपासून देईन.