सासर पनवेलला, माहेर कळव्याला. तक्रार कुठे करायची?

नवऱ्याने मारल्यावर बहीण कळव्याला आली आणि चौकीत "पनवेलला जा" असं सांगितलं, असं तुम्ही लिहिलंय. जायची गरज नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्याला तो झिरो एफआयआर (हद्द न बघता नोंदवलेली फिर्याद) म्हणून नोंदवावा लागतो. प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. नकारच मिळाला तर लेखी तक्रार रजिस्टर पोस्टाने पोलीस उपायुक्तांना पाठवा आणि पावती जपा. पुढे दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करताना ती लागते.

त्याआधी सरकारी रुग्णालय गाठा. कोणी, कशाने, कधी मारलं ते बहिणीला डॉक्टरांना स्पष्ट सांगायला लावा. लाजेपोटी "जिन्यावरून पडले" म्हटलं की केसपेपरवर तेच लिहिलं जातं, आणि कोर्टात समोरचा वकील नेमका तोच कागद पुढे करतो.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा अर्ज ती सध्या राहते तिथल्या, म्हणजे ठाण्याच्या कोर्टात चालतो. संरक्षण, राहण्याचा हक्क, खर्च, मुलांचा ताबा एकाच अर्जात मागा. घर सासूच्या नावावर असलं तरी राहण्याचा हक्क मागता येतो, हे बऱ्याच जणींना कोणी सांगतच नाही. पहिली तारीख साधारण ३ दिवसांत लागायला हवी. उशीर होणार असं दिसलं तर अंतरिम आदेश (निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता आदेश) आवर्जून मागा.

वकिलाचे पैसे नसतील तर ठाणे जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००. महिला हेल्पलाइन १८१, जिवावर बेतलं तर ११२.