विद्यार्थी-मार्गदर्शकांचे प्रशिक्षण कोठून सुरू करावे?

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे: महाविद्यालयात वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी खालच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना विषय समजावून देण्याचा उपक्रम सुरू होत आहे; येणारे विद्यार्थी भाषा, वय, पूर्वतयारी आणि शारीरिक क्षमता यांबाबत एकमेकांपासून फार वेगळे आहेत; मग निवडलेल्या मार्गदर्शकांना नेमके काय शिकवावे? असा उपक्रम मी काही वर्षे सांभाळला आहे, आणि पहिल्या वर्षी माझ्याकडून झालेली चूक आपण टाळावी, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

तेव्हा मी प्रत्येक प्रकारच्या विद्यार्थ्यावर एक व्याख्यान ठेवले होते: वाचन-अक्षमता असलेले, परक्या भाषेतून शिकणारे, बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर परतलेले, इत्यादी. परिणाम असा झाला की, मार्गदर्शक समोरच्या माणसाऐवजी त्याच्या प्रकाराशी बोलू लागले. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या एका प्रौढ विद्यार्थिनीला आमचा एक अत्यंत सज्जन मार्गदर्शक थेट अपूर्णांकांपासून शिकवू लागला. तिची अडचण फक्त शेवटच्या पायरीतील चिन्हाची होती. (तिने ते सगळे निमूटपणे ऐकून घेतले, याचे मला आजही वाईट वाटते.) त्यानंतर मी व्याख्याने कमी केली आणि बहुतेक वेळ एकाच कौशल्याला दिला: समोरचा कोठे अडला आहे, हे त्याच्याच तोंडून काढून घेणे.

हे वाटते तितके सोपे नाही. मार्गदर्शकाची निवड आपण विषय चांगला येतो म्हणून करतो, आणि नेमक्या त्याच कारणाने त्याला मधल्या पायऱ्या दिसेनाशा झालेल्या असतात. शिवाय उत्तर माहीत असताना गप्प बसणे त्याच्या जिवावर येते. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने वर्गांतील ध्वनिमुद्रणे तपासून दाखवले होते की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात, आणि हा अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवला की उत्तरे अधिक सविस्तर येतात व एरवी न बोलणारेही बोलू लागतात. प्रश्न मनातल्या मनात आपल्या भाषेत आणणाऱ्याला तर तीन सेकंदही अपुरे पडतात. म्हणून आमच्याकडे दोघे सराव करतात आणि तिसरा घड्याळ घेऊन बसतो. “समजलं का?” हा प्रश्न सरावात वर्ज्य आहे, कारण भिडेपोटी त्याचे उत्तर बहुधा “हो” असेच येते, त्याऐवजी “तू आतापर्यंत काय करून पाहिलंस?” किंवा “ही पायरी मला तुझ्या शब्दांत सांग” असे विचारायचे.

मदत किती करावी, याबाबत वुड, ब्रूनर आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये मांडलेली परांचीची (बांधकामाच्या वेळी भिंतीलगत उभारलेल्या तात्पुरत्या आधाराची) उपमा मला अजूनही सर्वांत उपयोगी वाटते. त्यांच्या प्रयोगात तीन ते पाच वर्षांची मुले लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचत होती, आणि शिकवणारी व्यक्ती मुलाला होईल तितके स्वतः करू देत असे. भिंत उभी राहिली की परांची उतरवायची असते. आमच्या मार्गदर्शकांना ती बांधता येते, उतरवणे मात्र मुद्दाम शिकवावे लागते. मी निरीक्षणाला जातो तेव्हा पेन कोणाच्या हातात आहे, हे आधी पाहतो.

काही सवयी मात्र सर्वांसाठी सरसकट लावाव्यात, म्हणजे कोणालाही आपली अडचण उघड करावी लागत नाही. फळ्याकडे तोंड करून बोलू नये, कारण ओठांवरून बोलणे समजून घेणाऱ्याचा धागा तेथेच तुटतो. “हे इकडे नेलं” असे न म्हणता “तीन डावीकडे नेले” असे म्हणावे. उतारा मोठ्याने वाचण्याची सक्ती करू नये. कोणाला कोणती अक्षमता असावी याचा अंदाज मार्गदर्शकाने बांधू नये, आणि विश्वासाने सांगितलेली गोष्ट बाहेर नेऊ नये. ताण किंवा नैराश्याची चिन्हे दिसल्यास समुपदेशकाकडे कसे पाठवायचे, तेवढे त्याला नीट ठाऊक असावे.

उपक्रमाच्या रचनेबद्दलही एक सुचवतो. अमेरिकेतील मिसूरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील केंद्रात १९७३ मध्ये सुरू झालेल्या ‘सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन’ या पद्धतीत कच्चे विद्यार्थी न निवडता अवघड विषय निवडले जातात आणि सत्रे त्या विषयाच्या सर्वच विद्यार्थ्यांना खुली असतात, त्यामुळे तेथे जाण्यात कमीपणा राहत नाही. नेमलेला मार्गदर्शक त्या विषयाच्या तासांना पुन्हा बसतो, हेही अनुकरणीय आहे.

सुरुवातीला दोन दिवसांचे प्रशिक्षण पुरते. खरे शिकणे पुढे होते. दर आठवड्याला तासभर सर्वांनी जमावे, प्रत्येकाने फसलेले एक सत्र नाव न घेता सांगावे, आणि संयोजकाने पहिल्या बैठकीत स्वतःचे सांगावे, नाहीतर कोणीही तोंड उघडत नाही.