चौदा लाखांचा फिल्टर आणि लेकीची ठेव

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र आणि सोबतची तीन महिन्यांची वीजबिलं दोनदा वाचली. रबाळे एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये प्लास्टिक मोल्डिंगची पाच मशिन्स, महिन्याचं बिल साधारण ९ लाख २० हजार. महिन्यातून तीन-चार वेळा व्होल्टेज क्षणभर खाली जातं आणि सगळी मशिन्स बंद पडतात. एका विक्रेत्याने १४ लाखांचा ॲक्टिव्ह हार्मोनिक फिल्टर सुचवलाय. बिल १८ टक्के उतरेल आणि ट्रिपिंगही थांबेल, असं तो म्हणतो. त्यासाठी लेकीच्या पुढच्या शिक्षणाची १५ लाखांची ठेव मोडायची का, हा तुमचा प्रश्न.

ठेव मोडू नका. पण विजेच्या दुरुस्तीवर खर्चच करू नका, असं मात्र मी म्हणणार नाही. तुमच्या बिलातून दरमहा पैसे गळतायत आणि ते थांबवता येतात.

महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांना एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर बिल येतं. म्हणजे मशीनने कामासाठी वापरलेली वीज तर मोजली जातेच, शिवाय मोटरीतलं चुंबकत्व टिकवायला जी वीज नुसती ये-जा करते तिचाही भार तुमच्यावर पडतो. तुमचा पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतला खऱ्या कामाला लागलेला वाटा, ०.९३ आहे, म्हणून १०० युनिटांच्या कामाला तुम्ही १०७.५ युनिटांचे पैसे भरता. तो ०.९९ झाला तर १०१ युनिटांचे भराल. बिलातला युनिटांवर अवलंबून असलेला भाग साडेसात लाखांचा आहे. त्यावर ६ टक्के धरले तर महिन्याला ४५ हजार वाचतात. पॉवर फॅक्टर अगदी १ वर नेला तरी या भागात ७ टक्क्यांपलीकडे जाता येत नाही, म्हणजे एकूण बिलाच्या पावणेसहा टक्क्यांच्या आसपास. मागणी आकार, म्हणजे युनिटांवर नाही तर कमाल भारावर लागणारा आकार, थोडा उतरेल, पण तो मंजूर मागणीशी आणि मागच्या महिन्यांतल्या कमाल मागणीशी बांधलेला असल्यामुळे सावकाश. १८ टक्क्यांचा हिशेब त्या विक्रेत्याकडून लेखी मागा.

तुमच्या पत्रात जाता जाता एक वाक्य आलंय: ‘जुन्या पॅनेलमधले तीन-चार कपॅसिटर फुगलेत.’ ताई, बिलाचं दुखणं बहुधा तिथेच आहे. ती ये-जा करणारी वीज कपॅसिटर जागच्या जागी पुरवतात, म्हणून ते मेले की पॉवर फॅक्टर घसरतो. आणि ते फुगले का, याचं उत्तर तुमच्या मशिन्सवरच्या ड्राइव्हमध्ये, म्हणजे मोटरीचा वेग कमी-जास्त करणाऱ्या उपकरणांमध्ये असू शकतं. ड्राइव्हमुळे हार्मोनिक तयार होतात, ५० हर्ट्झच्या विजेत २५०, ३५० हर्ट्झचे प्रवाह मिसळतात, आणि ते नेमके कपॅसिटरमध्ये घुसतात. तसेच कपॅसिटर पुन्हा बसवले तर तेही जातील. म्हणून ७ टक्के रिॲक्टर (कपॅसिटरला हार्मोनिकपासून वाचवणारी कॉइल) लावलेलं आणि गरजेप्रमाणे कपॅसिटर आपोआप चालू-बंद करणारं ऑटोमॅटिक पॅनेल घ्या. तुमच्या इलेक्ट्रिकल कंत्राटदाराने त्याचे २ लाख ४० हजार सांगितलेत. ऑटोमॅटिकच घ्या, कारण सुट्टीच्या दिवशी मशिन्स बंद आणि कपॅसिटर चालू राहिले तर पॉवर फॅक्टर उलट्या बाजूला, लीडिंगकडे जातो आणि या बिलात तेही मोजलं जातं.

आता दोन्ही पर्याय शेजारी ठेवा. फिल्टरही पॉवर फॅक्टर सुधारेल, १४ लाख सुमारे ३१ महिन्यांत वसूल होतील. शेडचा करार ३ वर्षांचाच उरलाय, तरी ऐकायला हे बरं वाटतं. पण तेवढेच ४५ हजार २ लाख ४० हजारांचं पॅनेलही वाचवतं, सहा महिन्यांच्या आत पैसे परत. मग वरच्या ११ लाख ६० हजारांनी बिलातून आणखी काय वाचणार? जवळजवळ काहीच नाही. फिल्टर वाईट वस्तू नाही. ट्रान्सफॉर्मर तापत असेल, रिॲक्टर लावूनही कपॅसिटर जात असतील, व्होल्टेजमधले हार्मोनिक ८ टक्क्यांवर असतील, तर तो लागेलच. त्यासाठी आधी आठवडाभर, सुट्टीचा दिवस धरून, पॉवर ॲनालायझर लावून मोजून घ्या. मोजमाप फिल्टर विकणाऱ्याकडून करून घेऊ नका.

ट्रिपिंगचं दुखणं वेगळं आहे. पावसाळ्यात फीडरवर, म्हणजे वीज आणणाऱ्या लाइनवर, कुठे फांदी टेकली, कुठे केबलमध्ये दोष आला की व्होल्टेज क्षणभर खाली जातं. हार्मोनिक फिल्टर ते अडवत नाही. (आणि १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई-ठाणे-नवी मुंबईची वीज तासन्‌तास गेली होती, तसं काही झालं तर यातलं कुठलंच यंत्र कामाला येत नाही.) अशा डिपमध्ये पुष्कळदा आधी कंट्रोलर आणि कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारे स्विच) सुटतात. तेवढ्या कंट्रोल सर्किटला छोटे यूपीएस लावायचा खर्च पाच मशिन्सना ८० हजार सांगितलाय. एका ट्रिपचं नुकसान तुम्ही १२ हजार धरलंय, पण ती न निघालेल्या मालाची विक्री किंमत आहे. बॅरलमधून काढून टाकलेला माल, बसून राहिलेल्या कामगारांचा पगार आणि बुडालेला नफा इतकंच धरलं तर ५ हजारांच्या आसपास येतं. वर्षाला ४० ट्रिपचे २ लाख. निम्मे वाचले तरी यूपीएसचा खर्च पहिल्याच वर्षात निघतो. मात्र वीज आल्यावर मशीन आपोआप सुरू होण्याची सेटिंग कुणी सुचवली तर ठाम नाही म्हणा. साच्यात कुणाचा हात असू शकतो.

पॅनेल आणि यूपीएस मिळून ३ लाख २० हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी. जीएसटीची वजावट मिळेल, घसाराही लागेल. ही रक्कम एका वर्षाच्या मशिनरी कर्जातून उभी करा. १०-११ टक्के व्याज पडलं तरी वर्षाचं एकूण व्याज २३ हजारांच्या आतच राहील, म्हणजे पॅनेलच्या पंधरा दिवसांच्या बचतीइतकं. कॅश क्रेडिट यात अडकवू नका, ते कच्च्या मालाला लागेल. पॅनेलच्या ऑर्डरमध्ये लिहून घ्या: १० टक्के रक्कम सलग तीन बिलांत सरासरी ०.९९ दिसल्यावरच.

वागळे इस्टेटमध्ये माझ्या मामांचं वर्कशॉप होतं. घरचे आणि कारखान्याचे पैसे एकाच कपाटात असायचे. मामेबहिणीच्या फीच्या वेळी मामींनी बांगड्या गहाण ठेवल्या, ते मी पाहिलंय. फीची तारीख पुढे ढकलता येत नाही, म्हणून ती ठेव जिथे आहे तिथेच राहू द्या.

आणि पॅनेल बसवण्याआधी शेडच्या मालकाकडून दोन ओळी लिहून घ्या, की पॅनेल तुमचं आहे आणि शेड सोडताना ते तुम्ही काढून नेणार.