सँपल ४६, कंट्रोल १६!

तुझा मेल वाचला. एमए इकॉनॉमिक्सचं शेवटचं वर्ष, सहा गावांतल्या ४६ बायकांचा सर्व्हे, बचत गटात गेल्याने महिन्याची बचत वाढते का हा प्रश्न. गाईड म्हणाले सगळे कंट्रोल, म्हणजे बचतीशी संबंध असू शकणारे बाकीचे घटक, रिग्रेशनच्या मॉडेलमध्ये घाल, तू घातलेस आणि मेंबरशिपचा कोएफिशियंट, म्हणजे गटात असल्याने बचतीत किती फरक पडतो तो आकडा, प्लसचा मायनस झाला, म्हणून आता डेटाचं काम आपल्याला जमणार नाही, बँकेच्या परीक्षा देऊ का असं विचारतेयस. खुशाल दे, पण या कारणासाठी नको गं.

आधी हिशोब बघ. वय, शिक्षण, घरात माणसं किती, जमीन, नवऱ्याचं उत्पन्न हे पाच, जातीचे पाच प्रवर्ग म्हणजे चार डमी (१ किंवा ० असे रकाने, एक प्रवर्ग तुलनेला बाहेर राहतो), सहा गावांचे पाच, वर गटाचं कर्ज आणि ट्रेनिंग, झाले १६. मेंबरशिप आणि कॉन्स्टंट धरून १८, म्हणजे ४६ मधून उरले २८ डिग्रीज ऑफ फ्रीडम, अंदाज किती पक्का ते ठरवायला उरलेली माहिती. एका कोएफिशियंटमागे निदान १०-१५ जण हवेत असा एक नियम सांगतात, ढोबळच आहे तो, पण त्या हिशोबाने तुला मेंबरशिप धरून तीन-चारच परवडतात. त्यात जमीन, जात, उत्पन्न एकमेकांत गुंतलेलं, आणि एखाद्या गावातल्या सगळ्याच जणी मेंबर असतील तर डमी टाकल्यावर त्या गावात तुलनेला कुणी उरतच नाही. साइन उलटली यात नवल काय!

आता पी-व्हॅल्यू (खरा संबंध नसताना निव्वळ योगायोगाने इतका फरक दिसायची शक्यता) बघून एकेक कंट्रोल काढत बसू नकोस, सॉफ्टवेअरच आपोआप व्हेरिएबल निवडतं ते स्टेपवाइजचं बटण तर विसरच. डेव्हिड फ्रीडमन या संख्याशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये निव्वळ रँडम आकडे घेतले, १०० ओळी, ५० व्हेरिएबल, कशाचा कशाशी संबंध नाही, तरी एकदा गाळून उरलेल्या १५ वर परत रिग्रेशन केलं तर त्यातले सहा ५ टक्क्यांच्या पातळीवर सिग्निफिकंट, म्हणजे खरा संबंध असल्यासारखे दिसले!

कागद घे आणि लिही, गटात जायच्या आधीपासून असलेलं आणि गटात जाणं आणि बचत दोन्हीवर परिणाम करणारं काय? मला शिक्षण आणि नवऱ्याचं उत्पन्न दिसतं. गटात जायच्या आधीची बचत विचारली असशील तर सगळ्यात पहिली ती. कर्ज आणि ट्रेनिंग मात्र गटात गेल्यावरच मिळतात, ते कंट्रोल केलंस की गटाचा फायदा तूच कापून टाकतेस, सँपल ४,००० असतं तरी मी हे दोन काढले असते.

टेबलात तीन कॉलम दे, बिनकंट्रोलचं, निवडलेल्यांचं आणि सरांचं सगळं घातलेलं, म्हणजे तेही दुखावणार नाहीत. कोणतं मॉडेल आधी चालवलं ते लिही, कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पट्टा, दे, तो रुंद येईल, येऊ दे.

करिअरचं म्हणशील तर यूपीएससीच्या इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसच्या परीक्षेत इकॉनोमेट्रिक्स (अर्थशास्त्रातलं हेच आकड्यांचं काम) आहेच, मुंबईत देवनारला लोकसंख्या अभ्यासाची आयआयपीएस ही संस्था आहे, तिचे कोर्सही बघून ठेव. आणि इंटरव्ह्यूत प्रोजेक्टवर विचारलं तर कर्ज आणि ट्रेनिंग मॉडेलमधून का वगळलं हे न अडखळता सांगता आलं पाहिजे, तेवढी तयारी आत्ताच कर.