व्हीलचेअरवरच्या मित्राला वेताळ टेकडीवर न्यायचंय, चौघे पुरतील का?

चौघे पुरणार नाहीत, सहा जण तरी घ्या: एक मागच्या हँडलला, दोघे पुढे पट्ट्याने ओढायला, एक वाट बघून सांगायला आणि दोघे बदली. माझ्या भावाला आम्ही असंच नेतो, त्यावरून सांगतेय. चढापेक्षा उताराची काळजी जास्त घ्या. सुट्या मुरुमात पुढची छोटी चाकं रुतली की बसलेला माणूस तोंडावर पडू शकतो, म्हणून तिथे खुर्ची मागे कलवून फक्त मोठ्या चाकांवर न्यायची आणि पट्टे मागून ताणून धरायचे. उचलायची वेळ आली तर हात फ्रेमला. आर्मरेस्टला धरलं तर ते निघून हातात येतं. सूचना एकानेच द्यायच्या, पण ‘थांबा’ म्हणायचा पहिला हक्क खुर्चीतल्याचा, आणि त्याला विचारल्याशिवाय कुणीही खुर्चीला हात लावायचा नाही. मणक्याची दुखापत असेल तर दर अर्ध्या तासाला तरी बैठक हलवून द्या, कारण कातडीवर दाब येऊन जखम होत असली तरी त्याला कळत नाही. मात्र हे कोरड्या, रुंद वाटेपुरतंच. सिंहगडाच्या आतकरवाडीच्या पायवाटेवर साधी खुर्ची नेऊ नका. तसल्या वाटांसाठी एका चाकाची, पुढे-मागे दांडे असलेली जोएलेट खुर्ची असते, फ्रान्समध्ये १९८७ साली बनलेली.