नांदेडच्या घरी २०११ च्या कॉम्प्युटरवर बिटकॉइनची वॉलेट फाइल पडून आहे. तशीच ठेवली तर चालेल का?

नाही हो. नाणी ब्लॉकचेनवर, म्हणजे बिटकॉइनच्या सगळ्या व्यवहारांच्या सार्वजनिक नोंदवहीत असतात; तुमच्या वॉलेट.डॅट फाइलमध्ये आहेत त्यांच्या खासगी किल्ल्या, म्हणजे ती नाणी खर्च करायला लागणारे गुप्त आकडे. बिटकॉइन सॉफ्टवेअरच्या सप्टेंबर २०११ च्या ०.४ आवृत्तीआधी या फाइलला पासवर्ड लावायची सोयच नव्हती, म्हणजे फाइल ज्याच्या हाती, पैसे त्याचे. त्यामुळे हार्डडिस्क रिपेअरवाल्याकडे देऊ नका.

इंटरनेट बंद ठेवून दोन पेनड्राइव्हवर कॉपी काढा, एक परभणी-लातूरच्या भरवशाच्या नातेवाइकाकडे ठेवा. पत्र्याच्या खोलीत तर नकोच, आपल्याकडचा मे महिना माहितीये ना!

जुना बॅकअप सापडला तरी लगेच खूश होऊ नका. तेव्हाचं वॉलेट साधारण १०० किल्ल्या आगाऊ बनवायचं आणि खर्चानंतर उरलेली रक्कम नव्या किल्लीवर जायची. भरपूर व्यवहार झाले असतील तर नंतरच्या किल्ल्या जुन्या बॅकअपमध्ये नसतील, म्हणून सगळ्यात शेवटची फाइलच शोधा.