ओरिएंटेशन बुडवावं का? थोडं बुडवावं

तुझा प्रश्न असा: अमेरिकेत पीएचडीला प्रवेश आणि टीएचं (टीचिंग असिस्टंट, म्हणजे शिकवण्यात मदतीचं) काम दोन्ही मिळालंय, वर्ग २४ ऑगस्टला सुरू होणार, पण ओरिएंटेशन, म्हणजे नव्या विद्यार्थ्यांचे ओळखीचे कार्यक्रम, १७पासून आठवडाभर, आणि १६ला गावी आजीचं सहस्रचंद्रदर्शन. मग ओरिएंटेशन सोडून थेट २२ला पोचलं तर चालेल का? (वयाने लहान असशील असं धरून अरेतुरे करतोय.)

आजीचा कार्यक्रम चुकवू नकोस. पण २२ फार उशीर होतो.

ओरिएंटेशन एकच नसतं. ग्रॅज्युएट स्कूलचं, परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसचं, डिपार्टमेंटचं आणि टीए लोकांचं, अशी तीन-चार एकाच आठवड्यात कोंबलेली असतात. त्यातलं ग्रॅज्युएट स्कूलचं खुशाल बुडव. मोठं सभागृह, डीनचं स्वागत, लायब्ररीची ओळख, फुकट टी-शर्ट. मी तिथे जेटलॅगमुळे डुलक्या काढल्या आणि काही अडलं नाही.

परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसचं मात्र कायद्याचं काम आहे. तुझ्या आय-२०वर (व्हिसासाठी विद्यापीठाने दिलेला प्रवेशाचा कागद) प्रोग्राम सुरू होण्याची तारीख छापलेली असेल, ती आधी बघ. ती वर्गांचीच असेल असं नाही, कधी ओरिएंटेशनची असते. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर त्या तारखेच्या ३० दिवस आधीपासून देशात शिरता येतं. तिच्यानंतर पोचणार असशील तर तिकीट काढण्याआधीच त्या ऑफिसला ईमेल कर आणि परवानगी लेखी घे. विमानतळावर अधिकाऱ्याने विचारलं तर दाखवायला तोच कागद असतो. पोचल्यावर सेव्हिसमध्ये, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदवहीत, तुझी नोंदही तेच ऑफिस करतं, आणि ती राहून गेली तर व्हिसाचंच लचांड मागे लागतं.

आता डिपार्टमेंटचं. हे मी बुडवलं होतं, एका गादीपायी. कुणीतरी जुनी गादी फुकट देत होतं आणि मित्राची गाडी त्याच सकाळी मिळणार होती. मला वाटलं, तिथे काय, ओळखपाळखच होणार. तिकडे डिपार्टमेंटच्या बाईंनी सगळ्यांचे पगाराचे कागद एका टेबलावर भरून घेतले. त्यातला आय-९ फॉर्म (तुला तिथे काम करायची परवानगी आहे हे दाखवणारा) कामावर रुजू झाल्यापासून ३ कामाच्या दिवसांत पुरा व्हावा लागतो, तोही मूळ कागदपत्रं दाखवून. माझे कागद मागे पडले, त्या महिन्याची पगाराची यादी निघून गेली, आणि पहिला पगार ऑक्टोबरात आला. तोवर दोन महिन्यांचं भाडं रूममेटकडून उसनं. गादी चांगली निघाली, एवढंच. त्या बाईंशी मात्र पहिल्या दिवसापासून नीट वाग. चाव्या, टेबल, फॉर्मवरच्या सह्या, सगळं त्यांच्याच हातातून जातं. शिवाय जुने विद्यार्थी जेवायला येतात, आणि कुठल्या प्राध्यापकाकडे संशोधनासाठी खरंच पैसे आहेत हे त्यांच्याकडूनच कळतं. वेबसाइटवर ते लिहिलेलं नसतं.

उशिरा गेलीस की सोशल सिक्युरिटी नंबरही (पगार आणि करासाठी लागणारा सरकारी क्रमांक) लांबतो. देशात आल्यावर साधारण १० दिवस थांबून मगच अर्ज करा, असं तो नंबर देणारं सरकारी ऑफिसच सांगतं.

टीएसाठी एक गोष्ट विचारून ठेव: इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांची बोलण्याची चाचणी आहे का? बऱ्याच विद्यापीठांत असते, आणि ती चुकली तर त्या सत्रात शिकवायला मिळत नाही. आपलं व्याकरण बरं असतं, पण त्यांचे व्ही आणि डब्ल्यू आपण एकाच 'व'मध्ये बसवतो. थोडा सराव करून जा.

तेव्हा आठवड्याचं वेळापत्रक आजच मागव. डिपार्टमेंट आणि टीएचे कार्यक्रम १९-२०ला असतील आणि आय-२०ची तारीख आड येत नसेल, तर १७च्या रात्री मुंबईहून निघून १८ला पोच. आणि पासपोर्ट, आय-२० हातातल्या पिशवीत ठेव. आई लाडवांच्या बॅगेत घालेल.